बोटं उमटेपर्यंत

व्हिसा केंद्रातल्या बोटांच्या ठशांच्या यंत्रावर चौथ्यांदा लाल दिवा लागला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, आता काय दुसरी बोटं घरून आणू?"

काचेपलीकडच्या बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

ती वळली. निळा शर्ट, केसांत पांढरट धूळ, काखेत तिच्यासारखीच फुगलेली फाईल. तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता आणि ते काही केल्या दबत नव्हतं.

"माफ करा हं ताई. इथल्या रांगेत मराठी ऐकायची सवयच राहिली नाही."

"ताई?" तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. चांगला तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. "आधी हसता, वर ताई म्हणता! एक काहीतरी ठरवा."

"मग हसतो," तो म्हणाला.

तिला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. या देशात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती काम करायची. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये. कपड्यांवरचे डाग जाता जाता बोटांवरच्या रेषाही कधी निघून गेल्या, तिला कळलंसुद्धा नव्हतं. आणि आता ताईकडे जायचा व्हिजिटर व्हिसा त्या रेषांवाचून अडला होता.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. वेण्या घालण्यापासून ते परदेशी पाठवण्यापर्यंत सगळं त्या ताईनेच केलं होतं. ताई लग्न होऊन तिसऱ्याच देशात गेली आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला आता दिवस गेले होते. भावजी जहाजावर. बाळंतपणाला महिना राहिला होता. "तू येशील ना गं?" एवढंच ताई फोनवर म्हणायची आणि लगेच विषय बदलायची.

काचेपलीकडच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "दहा दिवसांनी या. तोवर साबण नाही, रसायनं नाही, गरम पाणी नाही. बोटांना विश्रांती द्या. तेव्हाही उमटली नाहीत तर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची."

दीड महिन्यानंतर बाळाचं बारसंही होऊन जाईल. ती बाजूला झाली आणि भिंतीशी टेकून उभी राहिली. डोळे भरून यायला लागले होते, तेवढ्यात यंत्राने पुन्हा तोच आवाज केला. निळ्या शर्टवाला काचेवर हात ठेवून उभा होता. एकदा लाल. दोनदा लाल. चारदा लाल.

तो फाईल काखेत मारून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "मी फरशी बसवतो," तो गंभीरपणे म्हणाला. "सिमेंटने खाल्ली. तुमची?"

"ब्लीचने. हॉस्पिटलच्या धुलाईघरात."

"वा. आपण दोघंही कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही बघा."

आणि तिला रडता रडता हसू फुटलं.

तिसऱ्या दिवशी धुलाईघराच्या मागच्या फाटकाशी तो हजर. हातात ग्लिसरीनची बाटली आणि सुती हातमोज्यांचे दोन जोड.

"पत्ता कुणी दिला?"

"हॉस्पिटल शहरात एकच आहे. वास घेत घेत आलो." मग जरा गडबडून, "म्हणजे... धुतलेल्या कपड्यांचा वास हो. तुमचा नव्हे. म्हणजे तुमचाही वाईट नाही—"

"पुरे," ती म्हणाली. "खड्ड्यात आहात, आता खणू नका."

सुपरवायझरबाई तशा फणसासारख्या. त्यांनी खूप आरडाओरडा करून शेवटी तिला धुण्यावरून काढलं आणि चादरींवर चिठ्ठ्या लावायला बसवलं. खोलीतली मैत्रीण नर्स होती, तिने भांडी स्वतःकडे घेतली. "बाळ झालं की मला पहिला फोटो. भांड्यांची मजुरी समज," एवढंच तिने मागितलं. त्यालाही मुकादमाने मापं घ्यायच्या कामावर टाकलं होतं. माणसं किती चांगली असतात, हे एरवी कामाच्या रगाड्यात कळत नाही. त्या दहा दिवसांत तिला ते रोज कळत होतं, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता फाटकाशी तर जरा जास्तच कळत होतं.

दोघं नदीकाठच्या बाकावर बसायची. हातमोजे घातलेली दोन माणसं, पेले सांभाळत चहा पिणारी! येणारेजाणारे वळून बघायचे.

"तुम्हाला कुणाकडे जायचंय?" तिने एकदा विचारलं.

"आईकडे. दादाजवळ असते. तुमच्या ताईच्याच देशात. सात वर्षं झाली बघून." त्याने पेला बाकावर ठेवला. "तीन आठवड्यांनी डोळ्याचं ऑपरेशन आहे. म्हणते, पट्टी सुटली की आधी तुझंच तोंड बघायचंय. नाहीतर सोडूच नका म्हणावं."

"हट्टी दिसतात."

"माझ्यावर गेलीय."

बारीक पाऊस भुरभुरायला लागला. उठायला हवं होतं. कुणीच उठलं नाही.

"दाखवा बघू," तो म्हणाला. तिने हातमोजा काढून बोटं त्याच्यापुढे धरली. तो वाकून पाहत राहिला... हात न लावता, श्वास जरा आवरून. "करंगळीवर रेघ आलीय. खरंच आलीय!"

"इतक्या जवळून बघायला लागते?"

"नाही," तो तसाच वाकलेला. "लांबूनही दिसतेय."

त्या दिवशी घरी जाताना तिला बसचा थांबा मागे गेल्याचं दोन थांब्यांनंतर कळलं.

आठव्या दिवशी सकाळीच घात झाला. न्हाणीघरातली फरशी खचली आणि पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरलं. घरमालक लालबुंद होऊन वर आला. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर खोली रिकामी करा, म्हणाला. व्हिसाच्या कागदांत घरमालकाचं राहण्याचं पत्र लागायचं आणि ते अजून त्याच्याकडेच होतं. म्हणजे बोटं उमटली तरी अर्ज अडलाच असता. नेमकी तिची दिवसपाळी होती. ती दिवसभर चिठ्ठ्या चिकटवत राहिली आणि मनात एकेका देवाला हाक घालत राहिली.

संध्याकाळी घरी येऊन पाहते तो न्हाणीघर चकचकीत. पाण्याचा थेंब टाकला तर सरळ मोरीकडे धावेल असा उतार. आणि टेबलावर घरमालकाचं सहीशिक्क्यासकट पत्र.

"तुझे फरशीवाले येऊन गेले," मैत्रीण म्हणाली. "मी फक्त फोन केला, तर माणूस अर्ध्या तासात दारात! चहाही घेतला नाही."

तिने ताबडतोब त्याला फोन लावला. "तुम्ही सिमेंटला हात लावलात? परवा आपली तारीख आहे!"

"हातमोजे घालून केलं हो. जाड, रबरी. काळजी करू नका."

तिचा विश्वास बसला. बसायलाच हवा होता, कारण नाहीतर तिला झोप लागली नसती.

दहाव्या दिवशी दोघं पुन्हा त्या काचेसमोर. तिने अगदी निघेपर्यंत ग्लिसरीन चोळलं होतं, एक थर जास्तच. काचेवर हात ठेवला आणि बोटं सरकली. लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकली. लाल.

काचेपलीकडच्या बाईंनी कपाळावर हात मारला. "विश्रांती द्या म्हटलं होतं, तळायला नव्हतं सांगितलं! पुसून या. पाच मिनिटं देते."

ती घाईघाईने पर्समध्ये रुमाल शोधू लागली. सापडेना. तेवढ्यात त्याने आपला रुमाल काढला, तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. अंगठा, तर्जनी, मधलं... हळूच, फरशीच्या कडेवरचा चुना टिपावा तसं. तिच्या आयुष्यात कुणी पहिल्यांदा असा हात धरला, तोही व्हिसा मिळावा म्हणून! तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आणि मग तिला त्याची बोटं लागली.

पॉलिश पेपरसारखी. टोकं सोललेली, जागोजागी सिमेंटने फुटलेली.

"तुम्ही..." तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. "हातमोजे घातले नव्हते."

तो करंगळी पुसत राहिला. "घातले होते. सुरुवातीला. पण रबरातून पातळी कळत नाही हो. फरशी एक सूतभर जरी वर-खाली झाली ना, तर पाणी पुन्हा खाली उतरलं असतं. ते बोटालाच कळतं."

"आणि आईंचं ऑपरेशन?"

"तुमचा नंबर बोलावतायत. जा."

हिरवा. हिरवा. हिरवा. दहाच्या दहा बोटं एका झटक्यात उमटली. काचेपलीकडच्या बाई चक्क हसल्या. ती मात्र हसली नाही, कारण पाठोपाठ तो काचेशी गेला आणि लाल दिव्यांची तीच रांग लागली. तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची.

बाहेर पायऱ्यांवर ती त्याच्यावर अक्षरशः बरसली. "कुणी सांगितलं होतं असले उपकार करायला? मी मागितले होते? सात वर्षं आईचं तोंड पाहिलं नाही आणि एका न्हाणीघरासाठी—"

"न्हाणीघरासाठी नाही," तो म्हणाला.

ती थबकली.

"तुमच्या ताईजवळ कुणी नाही. माझ्या आईजवळ दादा आहे, वहिनी आहे. आणि बाळ काही माझ्या तारखेसाठी थांबणार नाही." तो पायऱ्यांकडे बघत होता. "आणि खरं सांगायचं तर... दहा दिवस रोज सहा वाजता मला... म्हणजे तुम्ही फाटकातून बाहेर आलात की..."

बस आली. भोंगा वाजला. त्याचं वाक्य तिथेच राहिलं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणीही.

"आईंचा पत्ता द्या," ती बसच्या पायरीवरून म्हणाली.

ताईला मुलगी झाली. कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत ताईने तिचा हात सोडला नाही. बाळाने पहिल्याच तासात मूठ वळली ती मावशीच्या करंगळीभोवती. ती तशीच बसून राहिली, हलली नाही. हे सगळं ज्याच्यामुळे तिच्या वाट्याला आलं, तो तिकडे धुळीत गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी फरशीची पातळी बघत असेल. तिने मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. मग लक्षात आलं, नमस्कार करून भागण्यातलं हे प्रकरण नाही.

ताईला सगळं सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "अगं, मग इथे काय बसलीस? तुझे भावजी परवाच आलेत, आता मी एकटी नाही. जा, त्या माउलीला भेटून ये."

गाडीने दोन तास. दार वहिनींनी उघडलं. आत खुर्चीत त्याची आई बसली होती. डोळ्याची पट्टी आदल्या दिवशी सुटलेली. शेवटी तिने हट्ट सोडला होता. समोरच्या स्टुलावर फोन टेकवून ठेवला होता आणि फोनमध्ये तो होता, कामावरचाच, केसांत तीच धूळ. आपली आई कुणाशी बोलणार आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

आईने तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि नव्या डोळ्याने सावकाश पाहून घेतलं.

"पट्टी सुटल्यापासून पहिलं नवं माणूस बघतेय. तू कोण गं माझ्या मुलाची?"

फोनमधला चेहरा दगडासारखा थिजला. मैत्रीण, ओळखीची, शेजारची... सगळी उत्तरं तिने गाडीत घोकून आणली होती. त्यातलं एकही तोंडात येईना.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या मुलाने माझ्यासाठी तुमची भेट सोडली. त्याची परतफेड मला करता येणार नाही, आणि मला ती करायचीही नाही. मला जन्मभर त्यांच्या ऋणात राहायला आवडेल. तुमची सून होऊन. पण... त्यांना अजून विचारलेलं नाही."

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"मग विचार की," आई म्हणाली. "समोर तर बसलाय."

तिने फोनकडे पाहिलं. "येता का," ती म्हणाली, "माझ्याबरोबर... कायमचे?"

त्याचे डोळे काठोकाठ भरले होते. तो ते पुसायला हात वर नेऊ लागला.

"अरे, अरे! सिमेंटचे हात डोळ्याला लावतोस?" आई कडाडली. "डोळ्याची किंमत मला विचार! आधी स्वच्छ हात धुऊन ये. मग हो म्हण."

तो उठून पळाला. पडद्यावर नुसती अर्धवट बसवलेली फरशी दिसत होती आणि लांबून नळाचा आवाज येत होता. आईने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी वाट बघत बसल्या.