आत्याला काय चांगलं जमतं?

सगळे हुशार, सगळे कष्टाळू, तरीही काम बिघडतंय, असं का व्हावं? सुट्टीत आत्याकडे आलेल्या स्वरांगीला हे कोडं पडलं होतं.

तिची नलूआत्या कोकणच्या समुद्राखालच्या प्रवाळ-केंद्राची नवी प्रमुख. प्रवाळ (वसाहत करून राहणारे चिमुकले सागरी जीव) तिथे वाढवून उजाड खडकांवर लावत. पण यंदा पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरे पडू लागले.

"खोलातलं गार पाणी वर आणा," केंद्रातले जुने जाणकार कुबलकाका म्हणत.

"नाही, आधी सावली करा!" त्यांच्या सहकारी रोझीताईंचा हट्ट.

भांडण इतकं वाढलं की दोघं एकमेकांशी बोलेनात. इकडे प्रवाळ मरत होते. वरिष्ठांनी आत्याला बजावलं, "तुम्ही फार मऊ आहात. कडक व्हा!" बिचारी आरशासमोर दरडावण्याचा सराव करी, पण आवाज मध्येच चिरके.

एका दुपारी ती न जेवताच खिडकीशी बसली. "मला नाही जमायचं गं," म्हणताना तिचे डोळे भरून आले.

केंद्रात सुकाणू नावाचा यंत्रमानव होता. तो प्रशिक्षक (उत्तर न देता, प्रश्न विचारून माणसाला स्वतःची वाट शोधायला मदत करणारा) होता. तो हळूच म्हणाला, "नलूताई, काय जमत नाही ते ऐकलं. जमतं काय?"

"काहीच नाही."

"असं कसं?" स्वरांगी उसळली. "दादा आणि मी भांडलो की तू दोघांचंही ऐकून घेतेस. मग कळतं, आम्ही एकाच गोष्टीची दोन टोकं ओढत होतो!"

"ते करताना थकता?" सुकाणूने आत्याला विचारलं.

"छे! उलट हुरूप येतो."

"मग ते तुमचं बलस्थान (सहज जमणारी आणि हुरूप वाढवणारी गोष्ट). इथे ते कसं वापराल?"

आत्या उठलीच. तिने आधी दोघांचं वेगवेगळं ऐकलं, मग त्यांना समोरासमोर बसवलं.

रोझीताई म्हणाल्या, "प्रवाळांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न आणि रंग देतं. तापलेल्या पाण्यात कडक ऊन पडलं, की तेच शेवाळ अपायकारक द्रव्यं सोडतं. मग प्रवाळ त्याला बाहेर काढतात."

कुबलकाका थबकले. "म्हणजे उष्णता आणि ऊन, दोन्ही मिळून घात करतात?"

"मग उपायही दोन्ही करू," आत्या म्हणाली. त्याच दुपारी सावलीची कापडं ताणली गेली, गार पाण्याचे पंप सुरू झाले.

"पण आत्याच्या उणिवेचं काय?" स्वरांगीने सुकाणूला विचारलं.

"फाटलेलं जाळं शिवावंच लागतं. पण नुसतं शिवत बसलं तर मासे मिळत नाहीत."

"मग वादळाचा इशारा ओरडून देण्यासारखी कडक आवाजाची कामं कुबलांकडे," आत्या हसत म्हणाली. "त्यांचा आवाज बंदरापर्यंत पोचतो!"

काही प्रवाळ गेलेच. बाकीच्यांवर मात्र हळूहळू तपकिरी छटा परतू लागली. एकदा जेवताना आत्याने प्रत्येकाला विचारलं, "कोणतं काम करताना तुम्हाला हुरूप येतो?"

कुबलकाकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग चक्क हळू आवाजात म्हणाले, "शिकवताना. पण आजवर कुणी विचारलंच नाही."

स्वरांगीने आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. "काका, मला शिकवा ना, प्रवाळ कसे लावायचे?"