दारवान

वैजयंती टेंभुर्णेने आईला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर आणलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आईला ब्रह्मपुरीहून नागपूरला आणून पंधरा दिवस झाले होते. दोघी व्यायामोपचार आटोपून परतत होत्या. वैजयंतीने दारासमोर चेहरा धरला, पण कडी सरकली नाही.

"आपण आत येऊ शकता," दार म्हणालं. "इंदिराबाई येऊ शकत नाहीत. पाहुण्यांसाठी चौदा दिवसांची मुदत आहे. ती काल संपली."

भाड्याच्या इमारतींत सगळ्या दारांना मिळून एक बोलका, यांत्रिक दारवान बसवायची पद्धत आता शहरात रुळली होती. भाडेकरार एकदा त्याच्या स्मृतीत उतरवला, की घरमालकाला पुन्हा लक्ष घालावं लागत नसे. आत किती माणसं राहतात, कधीपासून राहतात, हे दारवान चेहऱ्यांवरून मोजायचा आणि कराराप्रमाणे कडी उघडायचा किंवा उघडायचा नाही.

"वैजू, बसू दे मले जरा," म्हणत आई पायरीवर टेकली.

वैजयंतीने घरमालक देवपुजारींना फोन लावला. ते पुण्यात असत. माणूस सज्जन होता. "मॅडम, मी कशाला अडवू तुमच्या आईला? पण मधेच करार बदलता येत नाही. कराराचा नमुना दारवान बसवणाऱ्या कंपनीचा होता. मी तरी कुठे वाचला?"

वाचला तिनेही नव्हता. रुग्णालयातल्या पाळीवर जाता जाता, लिफ्टमध्ये, तिने फोनवर अंगठा टेकवला होता.

"ते कलम वाचून दाखव," ती दाराला म्हणाली. त्याने वाचलं. तिने विचारलं, "करार मोठा की कायदा?"

"कायदा."

"मग हे कलम कायद्यात बसतं का?"

दारवानाला उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद लागले. "नाही. भाडेकरूचे आईवडील कुटुंबात मोडतात. त्यांना पाहुणे धरता येत नाही. हे कलम रद्दबातल आहे."

"मग अडवलंस कशाला?"

"मला करार पाळायला सांगितलं होतं. तो कायद्याशी ताडून पाहायला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगते. ताडून पाहा."

कडी सरकली. तिने आईला आत नेऊन पलंगावर निजवलं, पाणी दिलं आणि परत दारापाशी आली.

"या इमारतीत आणखी किती करारांत हे कलम आहे?"

"एकोणीस."

"त्यांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलेलं नाही."

वैजयंती चपला घालून दुसऱ्या मजल्यावर उतरली. तिथे राहणाऱ्या सुलभा कापगतेशी तिची जाता-येता बोलण्याइतकी ओळख होती. सुलभाच्या सासूबाई हिवाळ्यात इथे आल्या होत्या आणि दोन आठवड्यांतच परत गेल्या होत्या, एवढं तिला आठवत होतं. सुलभा हात पुसत बाहेर आली. वैजयंतीने झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुमच्या दारालाही विचारून पाहा. सासूबाईंना आणता येईल."

सुलभाने कडीवर हात ठेवला.

"त्या वारल्या ना मार्चमध्ये. गावी एकट्याच होत्या." मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे दारानं त्यांना अडवलं त्या दिवशी आम्ही नुसतं विचारलं असतं, तरी यानं उघडलं असतं?"