बाळंतिणीची खीर

"डॉक्टरबाई, पुन्हा तेच!" सिस्टर ओरडली.

डॉ. नंदा धावल्या. मॉनिटरवर बाळंतीण शिवरंजनीच्या हृदयाच्या ठोक्यांची रेघ पिळवटत चालली होती. ठोके सावरायला आधी मॅग्नेशियम दिलं, मग वेरापामिल. रेघ सावरली. कालही अशीच सावरली होती. मग आज पुन्हा का बिघडली?

काल तिला धाराशिवच्या या दवाखान्यात आणलं, तेव्हाच नवरा सोमेश म्हणाला होता, "विष खाल्लंय तिनं. लेकरू आता तिच्या हाती देणार न्हाय." पोलिसांनाही त्यानं तेच सांगितलं. बेंबळी गावाकडं त्याचं औषधाचं दुकान. पण विष काही सापडलं नव्हतं. आणि इथं वॉर्डात कोण विष देणार?

नंदांनी पांघरूण सारखं केलं. पोलकं दुधानं चिंब. बाळ घरी, पाजणं बंद, आणि दूध वाढतंय?

सासू शांतम्मा उशाशी डबा घेऊन बसलेली.

"आजी, काय भरवलंत?"

"आळिवाची खीर. गुंगीत हाय, पर घास गिळती."

"तुम्ही केलीत?"

"न्हाय ओ, सोमेशनं. जल्मात चुलीकडं फिरकला न्हाय, आता सोता रांधतोय. लई जीव बायकूवर!"

नंदांनी डब्यात चमचा फिरवला. तळाशी पांढरी कचकच.

त्यांनी सोमेशला आत बोलावलं.

"दूध वाढवायला बायकोला काय दिलंत?"

"काय न्हाय."

"डॉमपेरिडोन. उलटी थांबवायची गोळी, तिनं दूधही वाढतं. मनाला येईल तेवढी चारलीत. ठोके बिघडून ती कोसळली. तिनं तोंड उघडलं असतं तर दुकानाचं लायसन गेलं असतं, म्हणून विषाची आवई उठवलीत. बाहेरचं औषध दिलंत तर जीव जाईल, असं मी कालच तुम्हाला बजावलं होतं. मग तिला कायमची गप्प करायला तीच गोळी खिरीत कुटून घातलीत! माझं वेरापामिल ठोके सावरतं, पण तुमची गोळी अंगातून लवकर निघूही देत नाही. म्हणून आजचा झटका कालच्यापेक्षा वाईट."

"पुरावा हाय का?"

"डबा तपासणीला जातोय. पोलीस निघालेत."

शांतम्मा उठली.

"मेल्या, माझ्या हातानं मारत व्हतास तिला? माझ्या हातानं?"



शांतम्मानं पदर खोचला. "बाई, लेकराला आणते."

"आणा. पाजायचं नाही इतक्यात. नुसतं कुशीत द्या."

डोळे मिटलेल्या शिवरंजनीनं हळूच हात बाजूला सरकवून जागा केली.