सुताराचं शिफारसपत्र

त्या सोमवारी ती पडली नसती, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मदत केंद्रात तोबा गर्दी होती. आपला देश सोडून आलेली माणसं. कुणाच्या हातात नोटीस, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलेला. त्यांचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. पुढचा नंबर पुकारायला ती उठली, परत बसली, आणि खुर्चीसकट थेट जमिनीवर!

रांगेतला एक उंच माणूस धावत आला आणि तिला हात द्यायचं सोडून खुर्चीच उलटी करून बघू लागला.

"पाय गेला," तो गंभीरपणे म्हणाला. मग तिच्याकडे बघून घाईघाईनं, "तुमचा नाही... खुर्चीचा."

ती कोपर चोळत हसली. किती दिवसांनी हसली, कोण जाणे! नवऱ्यानं दुसरा संसार थाटल्यापासून तिच्या जिवाला एकच घोर होता. पाच वर्षांची ठमी, थकलेली आई आणि घर चालवणारी ही एकुलती एक नोकरी.

तो सुतार होता. त्याच्या देशात त्यानं एका सभेसाठी मंच बांधून दिला होता. मंचावर बोलणारे तुरुंगात गेले आणि मंच बांधणाऱ्याचं घर कुणीतरी पेटवून दिलं. तो कसाबसा इथवर पोचला. आश्रयाचा अर्ज दीड वर्ष पडून होता, आणि निकाल लागेपर्यंत काम करायला बंदी. रिकामे हात त्याला सोसवेनात. मग तो रोज केंद्रात येऊन खुर्च्या दुरुस्त करू लागला. महिन्याभरात सगळ्या खुर्च्या ठणठणीत झाल्या, तरी याचं येणं काही थांबेना.

"आता काय राहिलंय दुरुस्त करायचं?" तिनं विचारलं.

"शोधतोय," तो तिच्याकडेच बघत म्हणाला. "सापडेल काहीतरी..."

सुनावणीची तालीम तीच घ्यायची. ती अधिकारी व्हायची आणि तो... तोच.

"आग लागली ती तारीख?"

"मंगळवार होता."

"वार नको, तारीख."

"पळताना कॅलेंडर नाही बघितलं, मास्तरीणबाई."

"मग तसंच सांगा. रंगवायचं नाही, लपवायचं नाही. अर्जदार आणि साक्षीदार, दोघांच्या सांगण्यात केसाएवढा फरक पडला, तरी तिथे सगळंच खोटं धरतात."

"म्हणजे सगळं खरं सांगायचं?"

"सगळं."

"मग हेही सांगतो. रागावलात की तुमचं नाक लाल होतं."

"हे तिथे कुणी विचारणार नाही!"

"आणि विचारलं तर?"

"गप्प बसा हो..." ती म्हणाली. पण नाक लाल झालंच.

एका पावसाळी संध्याकाळी तो तिला आणि ठमीला दारापर्यंत सोडायला आला. आई खिडकीतून बघत होती.

"कोण गं तो?"

"केंद्रातला आहे."

"केंद्रातला माणूस अशी छत्री धरतो होय? दोघी कोरड्या आणि स्वतः ओलाचिंब?" आई हळूच म्हणाली, "जीव लावू नकोस बाई. त्याचं इथलं राहणं तरी कुठे नक्की आहे?"

जीव केव्हाच लागला होता.

सुनावणी आठवड्यावर आली तेव्हा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी तिला बोलावलं. "शिफारसपत्र तू लिही, तुझ्याएवढं त्याला कुणी ओळखत नाही. फक्त एक वाक्य हवंच – अर्जदाराशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही. जवळच्या माणसाची शिफारस तिथे कुणी धरत नाही. आणि तसं काही असेल, तर आत्ताच सांग. पत्र मी लिहीन. तुला मात्र हे काम सोडावं लागेल."

"छे! काहीतरीच काय, ताई!"

तिनं वाक्य लिहिलं, सही ठोकली. दुसऱ्यांच्या जबान्या शब्दाला शब्द जुळवून देणारी ती. पण हे वाक्य काही तिनं त्याला दाखवलं नाही. कुठल्या तोंडानं दाखवणार?

सुनावणीची खोली छोटी होती, अधिकारी शांत. सुतारानं सगळी उत्तरं चोख दिली. भिंतीशी बसून ऐकताना तिच्या जिवात जीव आला. मग अधिकाऱ्यानं तिचं पत्र उचललं.

"या बाई तुमच्या कोण?"

सुतारानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तालमीत बरोबर उत्तर येत असलं की पाहायचा, अगदी तसं.

"माझं प्रेम आहे त्यांच्यावर," तो म्हणाला. "आणि त्यांचंही आहे... बोलत नाहीत, पण आहे."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, हे खरं आहे?"

हो म्हटलं तर पत्र खोटं. पत्र गेलं तर याचा अर्ज कशावर उभा राहणार? आणि नोकरी... ठमीची शाळा...

"नाही," ती म्हणाली. "त्यांचा... गैरसमज झाला असेल."

तो नुसता टेबलाकडे बघत राहिला.

बाराव्या दिवशी निकाल आला. जो माणूस समोर बसलेल्या बाईविषयी खोटं बोलतो, त्याच्या आगीच्या हकिकतीवर विश्वास ठेवता येत नाही. अर्ज नामंजूर.

ती रडत ताईंकडे धावली. सगळं कबूल केलं, अपिलासाठी दुसरं, खरं पत्र लिहिलं. पण आता तिच्या शब्दाला कोण विचारतो? पहिलं खोटं की दुसरं? अपील फेटाळलं गेलं. तिची नोकरीही गेली.

परत पाठवायच्या गाडीपाशी त्यांना पाच मिनिटं मिळाली.

"माझं प्रेम आहे तुमच्यावर," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "एक विचारू? त्या दिवशी कुणाला वाचवत होतात?"

'तुम्हालाच' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. तिनं तो गिळला.

"आधी ठमीला," ती म्हणाली. "मग मला... मग तुम्हाला."

त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"आईनं असंच करायला हवं," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

तिच्या बाजूची खिडकी रिकामी होती. तो पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.