खिडकीशी दोघं

१९८३ सालचा मे महिना. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधला बर्फ संपून बरेच दिवस झाले होते, तरी आमच्या खोलीतला हीटर सवयीनं कुरकुरत होता. परीक्षा आटोपल्या होत्या. मी टेबलावर चार एरोग्राम मांडून आईला चार आठवड्यांची पत्रं एकाच बैठकीत लिहीत होतो.

"शेखर, सहा जूनला इथं पाऊस पडणार हे तुला आजच कसं कळलं रे?" माझा रूममेट गुरुदत्त खांद्यावरून वाकून, अक्षर लावत लावत वाचत होता. तो मुंबईचा, इंग्रजी शाळेतला. त्याचं मराठी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं.

"पाऊस काय, कधीही पडतो."

"आणि वरणात मीठ जास्त पडलं?"

"ते तर दर आठवड्याला पडतं."

तो हसला. मी हसलो नाही. चारही पत्रं घडी घालून डिंकाच्या कडांनी नीट बंद केली, वर पेन्सिलीनं तारखा घातल्या आणि त्याच्या हाती दिली. दर सोमवारी एक टाकायचं. वरची तारीख पुसून मगच पेटीत टाकायचं.

एवढा खटाटोप एका शब्दासाठी होता. मी सात वर्षांचा असताना बाबा घाटात गेले. पावसाळ्यातली, दिवसाची शेवटची गाडी, त्यात प्रवासी ते एकटेच. दरड आली म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर रस्ता बघायला खाली उतरले, बाबा खिडकीशी बसून राहिले. दुसरी दरड गाडीवर आली. आई त्यांच्या मरणाबद्दल फारसं बोलायची नाही. बोललीच तर एवढंच म्हणायची, "शेजारी कुणी नव्हतं रे." मी अमेरिकेला निघालो तेव्हा तिनं माझा हात धरून शब्द घेतला होता, की लांबच्या वाटेला एकट्यानं जायचं नाही.

महिनाभर कुठेही फिरा, असा बसचा पास मी आणि माझा मित्र विक्रमनं मिळून काढला होता. निघायला आठ दिवस असताना विक्रमच्या प्रोफेसरनं त्याला लॅबमध्ये अडकवलं. "सॉरी यार, कॅन्सल केलं मी," तो म्हणाला. पास परत होत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

पंधरा मेला, रविवारी मी निघालो. शिकागोत बस बदलली आणि डावीकडची खिडकी धरून बसलो.

चूक लक्षात आली ती नेब्रास्कात. बाहेर नुकती नांगरलेली काळी जमीन मैलोन् मैल मागे जात होती. ती बघताना आईच्या भाकरीच्या तव्याची आठवण झाली.

ओवी राहिली होती.

आई शाळेत शिकवायची, पण तिची पत्रं ओवीनं संपत. लहानपणी ती भाकऱ्या थापताना एक ओळ म्हणायची, दुसरी मी चुलीसमोर बसून जुळवायची. हाच खेळ आता पत्रांतून चालायचा. ती एक ओळ पाठवायची, मी पुढच्या पत्रात तिला जोड द्यायचो. एकदाही चुकलो नव्हतो. मी बंद केलेल्या चार पत्रांत वरण होतं, पाऊस होता, ओवीची जोड मात्र एकातही नव्हती. असणार कशी? तिच्या ओळी अजून यायच्याच होत्या. दुसरी ओळ दिसली नाही की पत्रं आधीच लिहून ठेवलेली आहेत, हे तिला कळणार होतं. फोन नव्हता. पत्राला जायला दहा दिवस. ती तिकडे आमच्या गावात, शेजारी कुणी नसलेल्या खिडकीतला मी मनात धरून बसणार होती.

मी वहीत काही ओळी खरडून पाहिल्या. धावत्या गाडीत अक्षर तिरकं येत होतं. फाडून टाकल्या.

बस ओमाहाला भरली होती. एक म्हातारा पिशवी सावरत माझ्या सीटपाशी थांबला, शेजारच्या जागेकडे बघून "माफ करा" म्हणाला आणि पुढे गेला. मला वाटलं, त्याला मागची सीट हवी असेल. पुढच्या गावी एक बाई तशीच थांबली, तशीच गेली. तिसऱ्या गावी एक सैनिक टॉयलेटच्या दाराला टेकून दोन तास उभा राहिला. मी त्याला हात करून बोलावलं. त्यानं रिकाम्या सीटकडे पाहिलं, संकोचून मान हलवली.

मी संख्याशास्त्र शिकणारा माणूस. तिनाचा नमुना फार लहान, असं मी स्वतःला सांगितलं.

वायोमिंगमध्ये दुपारी एका थांब्यावर सगळे कॉफीला उतरलो. निघताना ड्रायव्हरनं मधल्या वाटेतून डोकी मोजली. पुढून मागे, मग मागून पुढे.

"अडतीस उतरले, अडतीस चढले," तो स्वतःशीच म्हणाला. "आणि बसलेत एकोणचाळीस."

तो माझ्या ओळीपाशी जरा रेंगाळला. मग टोपी मागे सारून गाडी सुरू केली.

उन्हात मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझा उजवा हात शेजारच्या सीटवर उताणा पडला होता. खिडकीकडचा डावा हात उन्हानं तापला होता. उजवा मनगटापर्यंत गार होता, विहिरीत बुडवून काढावा तसा.

युटात, वीस तारखेला, मिठाचं रान लागलं. क्षितिजापर्यंत पांढरं. गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून त्या मिठावर थोडा चालून आलो. नंतर समुद्र पाहिला, डोंगर पाहिले आणि त्याच वाटेनं परतलो. शेजारी कुणीच बसलं नाही.

बारा जूनला खोलीवर आलो. टेबलावर आईची तीन पत्रं होती.

"चारही सोमवारी टाकली," गुरुदत्त म्हणाला. "आता बिर्याणी लागू तुला."

पहिलं पत्र सोळा मेला दुपारी आलेलं. शेवटी ओळ होती : 'दूरदेशी माझा बाळ, कसा उन्हाचा गं रंग.' गुरुदत्तनं माझं पत्र त्याच दिवशी सकाळी टाकलं होतं. दुसऱ्या पत्रात : 'तिन्हीसांजा दिवा लावी, वारा झोंबतो गं वाती.'

मग तिसरं पत्र उघडलं.

'चि. शेखर, तुझं सोळा तारखेचं पत्र पोचलं. वरणात मीठ बेतानं टाक. ओवीची जोड फार गोड जमली, चार वेळा म्हणून पाहिली.

दूरदेशी माझा बाळ, कसा उन्हाचा गं रंग
पांढऱ्या मिठावरी चाले कुणी माझ्यासंग

अक्षर तुझंच, पण तिरकं आलंय. चालत्या गाडीत लिहिलंस का?' आणि खाली नेहमीसारखी एक नवी ओळ.

सोळा तारखेला मी मीठ पाहिलंही नव्हतं.

"गुरू, तू पत्रं उघडली होतीस?"

"वेडा आहेस का? आणि उघडून काय करणार होतो?"

"आत काही लिहिलंस?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "शेखर, मला लाँड्रीची यादीसुद्धा मराठीत लिहिता येत नाही."

ते खरं होतं.

आठवड्यानं चौथं पत्र आलं. ते मी लायब्ररीत नेऊन वाचलं. सकाळची वेळ होती, सगळीकडे माणसं होती.

'तिन्हीसांजा दिवा लावी, वारा झोंबतो गं वाती
खिडकीशी दोघं आम्ही, हात थंड माझ्या हाती

तू प्रवासाला गेलास, हे मला कळलं रे. लपवलंस म्हणून आधी रागावले. मग ही ओळ वाचली आणि पुष्कळ वर्षांनी रात्री शांत झोपले. एकटा नव्हतास. शब्द पाळलास. सोबत कोण होतं ते तेवढं लिही. त्यांना माझा नमस्कार सांग.'

खाली नवी ओळ नव्हती. पहिल्यांदाच.

मी पत्राची घडी घातली. मग कोरा एरोग्राम काढला. आईशी आणखी खोटं नको, असं ठरवलं आणि लिहिलं : 'आई, रागावू नकोस. बरोबर येणारा विक्रम ऐनवेळी आला नाही. मी सगळा वेळ एकटा'

पुस्तकं छातीशी धरून एक मुलगी टेबलापाशी आली. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, माझ्या उजवीकडची तेवढी रिकामी होती. तिनं खुर्चीकडे पाहिलं.

"सॉरी," ती हळूच म्हणाली, माझ्याकडे न बघता, आणि निघून गेली.

मी मान वळवली नाही.

उजवा हात गार पडला होता. पेन डाव्या हातात घेतलं आणि 'एकटा' हा शब्द खोडला.