यमक कुठे पळालं?

"ढब्बू, तू टाळ्या वाजव, मी म्हणते," खारू म्हणाली.

सुट्टीतली ही चुलत भावंडं पाथरवटाच्या छपरीत बसली होती. समोरच्या शिळेवर पणजोबांची कविता कोरली जात होती. युद्धावर निघताना एक ट्रंक त्यांनी घरीच ठेवली होती आणि तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ही कविता रंगाने लिहिली होती. ती ट्रंक परवा माळ्यावर सापडली. खारूच्या काकांनी, म्हणजे ढब्बूच्या बाबांनी, कविता मोठ्या हौसेने उतरवली, सगळ्यांना वाचून दाखवली, आणि पणजोबांची लेक, म्हणजे आत्याआजी, त्या दिवसापासून गप्पच झाली. शिळेपाशी पाऊलही टाकणार नाही म्हणाली. शेवटचं कडवंच तसं होतं:

निघालो मी, विसरेन
लेकीच्या या हाका सदा
रणातले सारे घाव
मनामध्ये घेती ठाव

पहिली तीन कडवी टाळ्यांवर झोकात गेली. ओळीला आठ अक्षरं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. इथे मात्र ढब्बू थबकला.

"अक्षरं आठच आहेत गं. पण 'सदा' आणि 'ठाव'? यमक कुठे पळालं?"

"वरच्या ओळीत बसलंय. घाव, ठाव."

"पणजोबा दमले असतील."

"तीन कडवी नाही दमले ते?"

खारूने पाथरवटकाकांना गळ घातली, की चौथ्या कडव्याला इतक्यात छिन्नी लावू नका. ते हसून चहा प्यायला उठले. दोघं घराकडे धूम पळाली.

झाकणावर तीन कडवी एकाखाली एक होती. मग जागा संपत आली, म्हणून पणजोबांनी उरलेल्या ओळी दोन-दोन करून शेजारी शेजारी लिहिल्या होत्या. काकांनी आधी डावीकडच्या दोन्ही उतरवल्या, मग उजवीकडच्या.

"बाबा, पेपरातल्या रकान्यासारखं वाचलंत तुम्ही," ढब्बू म्हणाला. काकांनी कान पकडले आणि पाथरवटाकडे धावले.

खारू आत्याआजीला खेटून बसली आणि सावकाश म्हणू लागली:

निघालो मी, विसरेन
रणातले सारे घाव
लेकीच्या या हाका सदा
मनामध्ये घेती ठाव

आत्याआजीने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा.

"मी फाटकातून हाका मारत होते," ती हळूच म्हणाली. "त्यांनी वळून पाहिलंच नाही. मला वाटायचं, ऐकू गेलं नसेल."

तिने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाची गं माझी पोरं. चला, माझ्या चपला काढा. शिळेपाशी जाऊ."