नकारांची वही

कपाटाच्या खालच्या फळीवर धुळीचा पातळ, सारखा थर होता. त्यात एकच जागा स्वच्छ होती. गिरिजाबाईंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढून ती मोजली. रुंदी तीन सेंटिमीटर, खोली एकवीस.

"वही इथंच उभी होती?"

"इथंच," रूपाली म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी कुलूप लावलं तेव्हा होती. आज सकाळी उघडलं, तर न्हाई."

रूपाली राजूरच्या प्रज्ञा वाचनालयाची ग्रंथपाल. कपाटावर पाटी होती, 'संस्था-कक्ष', आणि दाराच्या आत चिकटवलेली यादी: दात्यांची सूची, भाग १ ते ६, मंजूर अर्जांचे नमुने, नोंदणीचे नियम, अनुभव वही. छोट्या संस्था चालवणारे लोक लांबून यायचे ते या शेवटच्या वहीसाठी. इथली पुस्तकं वापरून ज्यानं मदतीसाठी अर्ज केला, त्यानं निकाल वहीत लिहायचा, असा नियम होता. नकार आला तर कारणासकट लिहायचा.

गिरिजाबाईंना बोलावून घेणारी शालू खिडकीपाशी उभी होती. पिंपळगाव रेणुकाईत ती बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवायची.

"उद्या अकराला जालन्यात मुलाखत हाय, ताई. वर्गाला पैसे मागितलेत, तो पुण्याचा न्यास. ते काय इचारतात, कशापायी न्हाई म्हणतात, ते फक्त त्या वहीत हाय. औंदा न्हाई म्हणले तर वर्ग बंद. चौदा लेकरं हायेत. आत्ता कुठं हातानं बोलाया लागल्यात. घरी बसली की तेबी जाईल."

"वहीचा फोटो काढून ठेवायचा होता," भारत म्हणाला.

"फोटोला बंदी आहे," रूपाली म्हणाली. "लोक मोकळेपणानं लिहितात ते त्याच भरवशावर. इथं बसूनच वाचायचं."

भारत हा गिरिजाबाईंचा दीर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गिरिजाबाईंनी बावीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रसायनं तपासली होती. आता त्या जालन्यात खासगी तपासाची कामं घेत. भारत गाडी चालवी आणि मतं देई.

"वहिनी, चोर साधा न्हाई," तो वरची फळी बघत म्हणाला. "बाकी कशाला हात न्हाई लावला. सूचीचे सातही भाग बराबर रांगेत. हा एक तेवढा बाहेर आलाय." त्यानं अंगठ्यानं ते पुस्तक आत ढकललं. ते हललं नाही. "अडकलंय कायतरी."

"राहू द्या, भाऊजी." गिरिजाबाईंनी पट्टी परत पर्समध्ये ठेवली. "रूपाली, किल्ली कुणाकडं असते?"

"एकच आहे. दिवसा माझ्याकडं, घरी जाताना अध्यक्षांच्या, तातेराव गुरुजींच्या, खोलीतल्या खिळ्याला. रविवारी वाचनालय बंद असतं. पण काल भागवत काकड्यांनी हेच सभागृह भाड्यानं घेतलं होतं. गुरुजींनीच दार उघडून दिलं."

"आणि तू?"

"मी भोकरदनला, मावशीकडं." रूपालीचा आवाज चढला. "पाच वर्षं हे कपाट मी सांभाळून राह्यले, ताई. मीच चोरीन का?"

"विचारायचं माझं काम आहे. या वाचनालयानं कधी त्या न्यासाकडं अर्ज केला होता?"

"केल्ता. इमारतीसाठी. शुक्रवारीच उत्तर आलं, नकाराचं. पत्र गुरुजींनी उघडलं. कारण मला सांगितलं न्हाई. वहीत मात्र लिहिलं असणार. त्या बाबतीत ते स्वतःलाही सोडत न्हाईत."

भागवत काकडे चौकात चहा पीत सापडला. लोकांना पैसे घेऊन अर्ज लिहून देण्याचा त्याचा धंदा होता.

"त्या वहीनं माझं गिऱ्हाईक तोडलं, हे बिलकुल खरं," तो म्हणाला. "फुकट वाचाया मिळतंय म्हणल्यावर मला कोण इचारतो? पण काल माझ्यापुढं अर्जासाठी सतरा माणसं बसल्ती, धा ते चार. जेवण पण तिथंच केलं. कपाट त्यांच्या डोळ्यासमोर. इचारा कुणालाबी."

"आणि गुरुजी?"

"ते कुठं काय करत्यात? दार लावून खोलीत बसल्ते. मधी एकदा कपाटाकडं आल्ते, पुस्तकं सारखी करून गेले. त्यांचं ते नेहमीचंच."

"तोंडावरूनच चोर वाटतो," बाहेर आल्यावर भारत पुटपुटला.

"तोंडावरून तुम्ही तिकिटं तपासत होता का, भाऊजी?"

तातेराव गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. चोवीस वर्षांपूर्वी दोनशे पुस्तकांवर त्यांनी हे वाचनालय सुरू केलं आणि तेव्हापासून तेच अध्यक्ष होते. खोली नीटनेटकी होती. कोपऱ्यात खाकी कागदाची गुंडाळी, खिडकीत उपडी घातलेली छोटी पातेली.

"सगळ्या पुस्तकांना कव्हरं तुम्हीच घालता म्हणे?"

"दर एप्रिलात, जयंतीच्या आधी." गुरुजींचा चेहरा जरा खुलला. "खळसुद्धा मीच शिजवतो. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. कसर लागत नाही."

"यंदाही एप्रिलातच?"

"एप्रिलातच. त्यानंतर हात लावला नाही."

"नखाशी निळं दिसतंय."

गुरुजींनी बोट दुमडलं. "शाई असेल."

"वहीबद्दल काय वाटतं?"

"वाचनालयाबाहेर गेली नसेल," ते सावकाश म्हणाले. "नोंद केल्याशिवाय इथून कागदही जात नाही. चोवीस वर्षांत गेला नाही."

सगळे निघताना गुरुजींनी भेटीच्या रजिस्टरात सही केली, खिशातल्या काळ्या बॉलपेननं. गिरिजाबाईंनी मागची पानं चाळली. गुरुजींची प्रत्येक सही काळी होती.

"रूपाली समिती सांभाळायला तयार आहे, असं ऐकलं," त्या सहज म्हणाल्या.

"आहे की. पुढच्या वर्षी बघू," गुरुजी म्हणाले.

दाराबाहेर शालू कुजबुजली, "हे 'पुढच्या वर्षी' म्या शाळेत असल्यापासून ऐकून राह्यले."

तीन वाजता सगळे कपाटापुढं जमले. भागवतही आला, आपल्यावरचा आळ जातो का ते बघायला.

"वही चोरीला गेलेली नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "ती याच कपाटात आहे. भाऊजी, सूचीचे भाग किती?"

"सात. म्या सकाळीच मोजले."

"यादी वाचा."

भारतनं दाराच्या आतली यादी वाचली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "सहा! मंग मला सकाळीच का न्हाई सांगितलं?"

"कारण सहा की सात एवढ्यावरून माणूस कळत नव्हता. सूचीचे खरे भाग फळीवर अठरा सेंटिमीटर खोल जातात. तुम्ही ढकललेलं पुस्तक मागच्या पत्र्याला टेकूनही तीन सेंटिमीटर पुढं येतं. म्हणजे एकवीस. धुळीतली जागाही एकवीस. रूपालीची नजर खालच्या रिकाम्या जागेवर खिळली, म्हणून वरचं तिला दिसलं नाही."

त्यांनी सातवा भाग काढला. खाकी कव्हर, कण्यावर सुबक अक्षरात आकडा. आतली घडी अजून ओलसर होती. कडेला फिकट निळा डाग.

"ही खळ एप्रिलातली नाही, कालची आहे. निळं ते मोरचूद. नखाशी निळी शाई म्हणावी, तर ते काळ्या पेनानं लिहितात. भागवत सतरा जणांसमोर होता. लोक यायच्या आधी वही काढली, दार लावून कव्हर घातलं आणि पुस्तकं सारखी करताना वर ठेवली. काल सगळ्यांदेखत कपाटाला हात लावला एकानंच, आणि रोजचंच काम म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही."

सगळे मागं वळले. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते.

"दुसरा कुणी असता तर वही पिशवीत घालून घरी नेली असती," गिरिजाबाई म्हणाल्या. "यांना नोंदीशिवाय ती बाहेर नेता येईना. आणि कव्हर घातल्यावर बिनआकड्याचं पुस्तक फळीवर ठेववेना. म्हणून सात घातला. फाडताही आली असती, गुरुजी."

"दुसऱ्यांचे अनुभव फाडायचे?" गुरुजी म्हणाले. "ते कसं जमेल?"

"पण का, गुरुजी?" रूपालीनं विचारलं.

गिरिजाबाईंनी कव्हर सोडवलं आणि वही गुरुजींच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा. शालूला उद्या उपयोगी पडेल."

गुरुजींनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. चष्मा दोनदा पुसला.

"'अर्जदार, प्रज्ञा वाचनालय. निकाल, नकार. कारण: चोवीस वर्षं एकच अध्यक्ष. त्यांच्यानंतर काम कोण करणार, याचं उत्तर संस्थेकडं नाही.'" त्यांनी वही खाली केली. "शनिवारी लिहिलं. मग आठवलं, सोमवारी शालू येऊन हेच पान वाचणार. माझी विद्यार्थिनी. दोन दिवसच ठेवणार होतो, तिची मुलाखत होईपर्यंत. तिचं काय होईल, हे मनात आलंच नाही. पोरी, चुकलं माझं."

शालूनं वही हातात घेतली, पान पुन्हा वाचलं. "म्हंजी उद्या मलाबी हेच इचारतील. तुझ्यामागं कोण." तिनं वही मिटली. "पायल हाय की. दोन वर्षं माझ्यासोबत शिकवती. तिचं नाव अर्जात घालायचं ध्यानातच न्हाई आलं."

"आज घाल," रूपाली म्हणाली. "नमुन्याची फाइल काढते."

फाइल काढून ती कपाट लावायला किल्ली शोधू लागली. कपाटाला लावलेली किल्ली गुरुजींनी काढून मुठीत धरली होती. त्यांनी ती तिच्यापुढं धरली, पण लगेच सोडली नाही.

"रूपाली, वहीत त्या नोंदीखाली अजून एक ओळ लिही. आजची तारीख घाल."

"काय लिहू?"

"अध्यक्षपद मी सोडलं. आता तू बघ."